दोष सायकलचा नाही, बसण्याचा!

होस्टेलच्या स्टँडवर धूळ खात पडलेल्या सायकली एकदा मोजा. मालकांना कारण विचारा, उत्तर ठरलेलं : "मान धरते यार, पाठ दुखते." मग घरी फोन जातो, "बाबा, गाडी हवी." बाबा बिचारे कुठून तरी हप्त्याची सोय करतात. माझं म्हणणं एवढंच, की फोन करण्याआधी हातात पाना घ्या.

मीही त्यातलाच. सेकंड इयरला ऐन सबमिशनच्या आठवड्यात उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. पेन्सिल धरवेना. मला वाटलं, शीट्स काढून काढून झालं असेल. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सायकल चालवतोस का?" तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नावाची नस जाते. रोज हँडलवर भार टाकून रेललं की ती दबते आणि नेमकी हीच दोन बोटं झोपतात.

खरं तर फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स शिकलेल्यांना हे सांगावं लागू नये. कोपर ताठ ठेवलं की हात म्हणजे सरळ खांब; खड्ड्याचा प्रत्येक दणका मनगटातून थेट खांद्यात आणि मानेत. कोपर किंचित वाकवलं की तोच हात शॉक अॅब्सॉर्बर. डोक्याचं वजन साधारण 5 किलो. ते जितकं पुढे काढाल तितका मोमेंट वाढणार आणि तो मानेचे स्नायू पेलणार.

म्हणून खांदे कानांपासून खाली सोडा. मनगट सरळ, पकड हलकी. वाकायचं ते खुब्यातून, पाठीला कुबड काढून नव्हे. मधूनमधून हातांची जागा बदला. जड सॅक पाठीवर नको, कॅरिअरला बांधा.

पण सायकलच चुकीची लावलेली असेल तर माणूस नीट बसणार कसा? सीटचं टोक खाली झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. ती सपाट करा. पायडल सर्वात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. हँडल फार खाली वाटलं तर वर घ्या. मात्र दांड्यावर खूण असते, तिच्या पलीकडे सीट किंवा हँडल वर काढू नका.

काही जण म्हणतील, याने 'स्पोर्टी लूक' जातो. अरे, रेसवाले वाकतात ते वर्षानुवर्षं सराव करून. आपल्याला मेसपासून लेक्चरपर्यंत जायचंय!

सरांना एकच विनंती : वर्कशॉपमधला पान्यांचा एक सेट आणि एक पंप स्टँडवर साखळीने बांधून ठेवावा. निम्म्या सायकली पुन्हा रस्त्यावर येतील, असं मला वाटतं.

माझी सीट सपाट झाली, हँडल वर आलं आणि महिनाभरात बोटंही जागी झाली. हा लेख त्याच हाताने लिहिलाय.