शर्यतीचे पेट्रोल आणि आपल्या खिशाचा हिशेब

३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. जर्मनीचा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला आणि उत्तर प्रदेशच्या तत्कालीन मुख्यमंत्री मायावती यांच्या हस्ते त्याला करंडक मिळाला. त्यानंतर चारच दिवसांनी, ३ नोव्हेंबरच्या मध्यरात्री, तेल कंपन्यांनी पेट्रोलचा भाव वाढवला. दिल्लीत लीटरमागे सुमारे १ रुपया ८० पैशांची वाढ झाली. धनदांडग्यांच्या मोटारींनी मजेखातर पेट्रोल जाळायचे आणि त्याचा भुर्दंड कामावर जाणाऱ्या दुचाकीस्वाराने भरायचा, हे काय गौडबंगाल आहे, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. आजही मोटार शर्यतीचा विषय निघाला की वस्त्यांमधील तरुण हाच प्रश्न विचारतात.

हा प्रश्न विचारणारा अडाणी नाही. त्यामागे रास्त चीड आहे. परंतु चीड खरी असली म्हणजे आरोपी खराच असतो असे नाही. न्यायालयात आरोप सिद्ध करायचा तर पुरावा लागतो. चळवळीतल्या माणसाने तर पुराव्याशिवाय बोलूच नये. म्हणून आधी हिशेब मांडू.

२०११ साली फॉर्म्युला वनमध्ये १२ संघांच्या २४ मोटारी धावत होत्या. शर्यत चालू असताना इंधन भरण्यास २०१० पासूनच बंदी होती, त्यामुळे प्रत्येक मोटार सुमारे दीडशे किलो इंधन घेऊनच सुटत असे. चोवीस मोटारींचे मिळून झाले साडेतीन टनांच्या आसपास. त्या आर्थिक वर्षात भारतात सुमारे दीड कोटी टन पेट्रोल खपले, म्हणजे दिवसाला सुमारे ४१ हजार टन. भागाकार केला तर दीड तास चाललेल्या त्या शर्यतीत जेवढे इंधन जळाले, तेवढे पेट्रोल हा देश साधारण आठ सेकंदांत जाळत होता! सरावाच्या फेऱ्या धरून हा आकडा तिप्पट करा, तरी अर्धे मिनिट होत नाही. शिवाय ते इंधन आपल्या बाजारातून घेतलेलेच नव्हते. फेरारीला शेल, मॅक्लॅरनला मोबिल, मर्सिडीजला पेट्रोनास असे ज्याचे त्याचे पुरवठादार तेव्हा ठरलेले होते आणि खास बनवलेले इंधन ते आपल्यासोबत आणत.

कोणी म्हणेल, एका शर्यतीचे सोडा, थेंबे थेंबे तळे साचे. तर सगळे थेंब एकत्र करून पाहू. २०२५ च्या हंगामात जगभरात २४ शर्यती झाल्या. प्रत्येकीत २० मोटारी आणि मोटारीमागे जास्तीत जास्त ११० किलो इंधनाची मर्यादा. सगळे मिळून ५३ टनही होत नाहीत. भारताचा पेट्रोलचा खप आता दिवसाला एक लाख टनांच्या वर गेला आहे. म्हणजे वर्षभराच्या जागतिक शर्यतींचे इंधन आपल्या देशाच्या एका मिनिटाच्या खपाएवढेही नाही. फॉर्म्युला वनने २०१९ मध्ये स्वतःच्या कर्ब उत्सर्जनाचा हिशेब जाहीर केला, त्यात शर्यतीच्या मोटारींच्या इंजिनांचा वाटा अवघा ०.७ टक्के होता. सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४५ टक्के, होता तो देशोदेशी सामान वाहून नेण्याचा.

हा प्रयोग अमेरिकेने प्रत्यक्ष करून पाहिला आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलबंदी केली. अमेरिकेत पंपांवर मैलभर रांगा लागल्या आणि लोकांचा रोख मोटार शर्यतींकडे वळला. १९७४ ची डेटोनाची २४ तासांची शर्यत रद्द झाली. डेटोनाचीच प्रसिद्ध ५०० मैलांची शर्यत ४५० मैलांवर आणली गेली. चाळीस मोटारींचे पन्नास-पन्नास मैल वाचले, त्यातून वाचलेले पेट्रोल जेमतेम दोन हजार लीटर. एका टँकरभरही नव्हे. तेव्हा अमेरिकेचा रोजचा खप शंभर कोटी लीटरांहून अधिक होता. रांगा ओसरल्या त्या मार्च १९७४ मध्ये तेलबंदी उठल्यावर. शर्यत आखूड केल्याने एकाही पंपावरचा भाव उतरला नाही. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की टंचाईच्या काळात सर्वांनी सारखी झळ सोसावी, या भावनेला मोल असते. पण भावना वेगळी आणि भाव वेगळा.

मग २०११ च्या नोव्हेंबरमध्ये भाव का वाढला? २६ जून २०१० रोजी केंद्र सरकारने पेट्रोलच्या भावावरील नियंत्रण काढले होते. आपण बहुतांश कच्चे तेल आयात करतो आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजतो. ऑगस्टच्या सुरुवातीला डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता, तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला ४९ च्या आसपास गेला. त्यात कच्चे तेल पिंपामागे शंभर डॉलरच्या वर. भाव वाढला तो यामुळे. आणि १५ नोव्हेंबरच्या मध्यरात्री हाच भाव दिल्लीत २ रुपये २२ पैशांनी उतरला. शर्यतीमुळे वाढला म्हणावे, तर पंधरवड्याच्या आत उतरला कशामुळे?

याहून भक्कम पुरावा २०२० सालचा आहे. त्या वर्षी महामारीमुळे जगातल्या शर्यतीच काय, रस्तेही थांबले. १३ मार्चला ऑस्ट्रेलियातील फॉर्म्युला वन शर्यत रद्द झाली आणि हंगाम सुरू व्हायला ५ जुलै उजाडला. २० एप्रिलला अमेरिकेच्या बाजारात कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला. मागणी आटली, तेल मातीमोल झाले. मग आपल्या पंपावर पेट्रोल स्वस्त झाले का? नाही. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात केंद्राने पेट्रोलवरील करात एका फटक्यात लीटरमागे १० रुपयांची वाढ केली. २०१४ साली लीटरमागे ९ रुपये ४८ पैसे असलेले केंद्राचे उत्पादन शुल्क ३२ रुपये ९८ पैशांवर पोहोचले. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. जगातले सर्व सर्किट बंद ठेवूनही जो भाव उतरला नाही, तो सर्किटमुळे चढतो असे कसे म्हणावे?

या शुल्काची रचनाही समजून घ्यावी. २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर लीटरमागच्या ३२ रुपये ९० पैशांपैकी मूळ उत्पादन शुल्क होते फक्त १ रुपया ४० पैसे. उरलेले सारे उपकर, अधिभार आणि विशेष शुल्क. संविधानाच्या कलम २७० आणि २७१ नुसार उपकर व अधिभार राज्यांना वाटून द्यावे लागत नाहीत. म्हणजे जवळपास ३३ रुपयांतून सर्व राज्यांच्या मिळून वाट्याला आले ५७ पैसे. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ आणि मे २०२२ मध्ये ८ रुपयांची कपात झाली, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा २ रुपयांची वाढ झाली. आकडे वरखाली झाले, रचना तीच राहिली.

राज्य सरकारेही धुतल्या तांदळासारखी नाहीत. महाराष्ट्रात २०१५ साली दुष्काळाच्या नावाने पेट्रोल-डिझेलवर लीटरमागे २ रुपये अधिभार बसला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूची दुकाने बंद झाली, महसूल बुडाला, तेव्हा पेट्रोलवरील अधिभार ३ रुपयांनी वाढला. दुष्काळ पडला तरी पेट्रोल, दारू बंद झाली तरी पेट्रोल! कारण हा कर गोळा करणे सोपे आहे. टाकी भरणारा वाद घालत नाही, विवरणपत्र भरत नाही, अपील करत नाही.

आणि ही टाकी कोणाची? पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षासाठी नील्सन कंपनीने केलेली पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार पंपांवर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के दुचाकींमध्ये जाते. घरोघरी माल पोहोचवणारा पोरगा, बांधकामावर जाणारा गवंडी, पाड्यावरच्या शाळेत जाणारा शिक्षक, फिरता भाजीवाला हे त्या दुचाकीवर बसलेले असतात. लीटरमागचा कर मात्र त्यांना आणि परदेशी मोटारीच्या मालकाला सारखाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना जमीन महसुलावर हाच आक्षेप घेतला होता. लहान शेतकरी आणि बडा जमीनदार यांना एकाच दराने आकारणी करणे अन्यायाचे आहे, ही त्यांची भूमिका होती. जमिनीच्या जागी पेट्रोल ठेवा, आक्षेप जसाच्या तसा उभा राहतो.

याचा अर्थ शर्यतवाले निर्दोष आहेत असा नव्हे. त्यांच्यावरचा खरा आरोप इंधनाचा नाही, कराचा आहे. २०११ च्या शर्यतीला राज्य सरकारने करमणूक करातून सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालून तिकीटविक्रीतील २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचा आदेश दिला. सूट आपल्या माणसांच्या राज्यात मिळाली म्हणून प्रश्न विचारायचा नाही, हे आपल्या शिकवणुकीत बसत नाही. पुढे शर्यतीची मालक असलेली परदेशी कंपनी, जिला पहिल्या वर्षासाठी ४ कोटी डॉलर ठरले होते, न्यायालयात म्हणाली की आम्ही भारतात तीन दिवसांचे पाहुणे, आमची येथे कायम आस्थापना नाही. २४ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला आणि तिचे ते उत्पन्न भारतात करपात्र ठरवले. तीन दिवसांत कोट्यवधी कमावणाऱ्या कंपनीला कर द्यायचा की नाही यावर सहा वर्षे वाद घालता आला. दुचाकीस्वाराला सहा सेकंदही मिळत नाहीत. नळी टाकीतून बाहेर येण्याआधी त्याचा कर वसूल झालेला असतो. या दोघांमधील अंतर हाच खरा विषय आहे.

मग मागणी काय करायची? कर नकोतच, असे आपण म्हणू शकत नाही. आपल्या मुलांची शिष्यवृत्ती, वसतिगृहे, सरकारी दवाखाने याच तिजोरीतून चालतात. मागणी न्याय्य कराची हवी. कलम २७९-अ (५) नुसार पेट्रोल कधीपासून जीएसटीखाली आणायचे याची शिफारस जीएसटी परिषदेने करायची आहे. १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौच्या बैठकीत परिषदेने ही वेळ नाही असे ठरवले. केंद्रालाही नको, राज्यांनाही नको, यात सर्व पक्षांची एकवाक्यता आहे! जीएसटी आला की भाव आपोआप उतरेल असेही नाही, ते दरावर ठरेल. पण लीटरमागे किती रुपये कोणत्या नावाने घेतले, ते कोठे खर्च केले आणि राज्याला त्यातून काय दिले, हे पावतीवर छापण्याची मागणी आज करता येते. रस्त्याच्या नावाने घेतलेला उपकर आपल्या वस्तीच्या रस्त्यापर्यंत आला का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हाच प्रश्न करता येतो.

बांधवांनो, शर्यतीच्या मोटारीचा आवाज मोठा असतो, म्हणून आपले लक्ष तिकडे जाते. खिशातून पैसे काढणारा हात आवाज करत नाही. आठ सेकंदांच्या पेट्रोलवर संताप खर्च करू नका. तो वर्षभराच्या कराचा हिशेब मागण्यासाठी राखून ठेवा.