नोटीस कोणी पाठवली?

आपल्यापैकी काही कुटुंबे भारताशी आयात-निर्यातीचा छोटा व्यवसाय करतात. त्यांनी एक खटला जरूर लक्षात ठेवावा, असे मला वाटते.

२०१२ साली दिल्लीच्या कस्टम्सने कॅनन कंपनीचे कॅमेरे शुल्कमाफी देऊन सोडले. २०१४ साली डीआरआय या महसूल खात्याच्याच तपास शाखेने त्यावर शुल्काची नोटीस काढली. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणाले, डीआरआयला हा अधिकारच नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने तो निकाल फिरवला. दहा वर्षे गेली ती नोटिशीवर सही कोणाची हवी, या वादात!

हा अधिकार कोणाचा, हे सरकारने कायद्यातच निःसंदिग्धपणे लिहायला हवे होते. अधिकाऱ्यांच्या हद्दीच्या वादाचा भुर्दंड व्यापाऱ्याने का सोसावा?

इकडे अमेरिकेत वाट जरा सरळ आहे. शुल्क आकारणी अंतिम झाल्यापासून १८० दिवसांत कस्टम्सकडे ‘प्रोटेस्ट’ करायचा. तो फेटाळला तर न्यूयॉर्कचे आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालय. मात्र मुदत हुकली की हक्क गेला.

तेव्हा मित्रहो, नोटीस इथली असो वा तिथली, ‘अधिकारी चुकीचा’ एवढ्यावरच विसंबू नका. माल, दर आणि कागदपत्रे यांचे उत्तर मुदतीत द्याच.