नागरिकत्वाची वाट तहसील कचेरीवरून जाते

११ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने नागरिकत्व सुधारणा कायद्याची नियमावली अधिसूचित केली. डिसेंबर २०१९मध्ये संसदेने संमत केलेला कायदा चार वर्षांहून अधिक काळ नियमांअभावी निर्जीव पडला होता. त्या दिवशी त्याच्यात प्राण आला. ठिकठिकाणी पेढे वाटले गेले, फटाके फुटले. १५ मे २०२४ रोजी दिल्लीत पहिल्या १४ जणांच्या हाती नागरिकत्वाची प्रमाणपत्रे पडली, तेव्हा फाळणीच्या पापाचे अंशतः तरी क्षालन झाले, अशीच राष्ट्रनिष्ठ समाजाची भावना होती आणि ती रास्तच होती.

परंतु उत्सव आटोपला की हिशेब मांडावा लागतो. कायदा झाला म्हणजे नागरिकत्व मिळाले, अशा समजुतीत आपण स्वस्थ बसलो आहोत. कायदा संसद करते. नागरिकत्व मात्र माणसाला कागद गोळा करून, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून आणि शपथ घेऊन मिळवावे लागते. ती कचेरी दिल्लीत नसते, जिल्ह्याच्या गावी असते. सिंधमधून परागंदा होऊन आलेला, चार इयत्ताही न शिकलेला एखादा मजूर त्या पायरीशी उभा राहतो, तेव्हा त्याच्या पाठीशी तेथील ग्रामपंचायत, नगरपालिका वा महापालिका उभी असते काय? या प्रश्नाच्या उत्तरावर कायद्याचे यशापयश ठरणार आहे. आजचे उत्तर समाधानकारक नाही.

पंजाबरावांची दुरुस्ती आणि बाबासाहेबांचे आवाहन

हा विषय काल-परवा उपटलेला नाही. ऑगस्ट १९४९मध्ये घटना समितीत नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली, तेव्हा विदर्भाचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांनी एक दुरुस्ती मांडली होती. जो हिंदू वा शीख अन्य कोणत्याही देशाचा नागरिक नाही, त्याला भारताचे नागरिकत्व मिळण्याचा हक्क असावा, असा तिचा आशय होता. ती फेटाळली गेली. तिच्यातील वेदनेची दखल घ्यायला संसदेला सत्तर वर्षे लागली. आजचा कायदा तर पंजाबरावांच्या दुरुस्तीहून एका अर्थी व्यापक आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून आलेल्या हिंदू आणि शिखांबरोबरच बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती निर्वासितांनाही त्याने सामावून घेतले आहे.

त्याहीपूर्वी, नोव्हेंबर १९४७मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातींच्या बांधवांना मिळेल त्या मार्गाने भारतात निघून येण्याचे जाहीर आवाहन केले होते. पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल यांना बाबासाहेबांच्या द्रष्टेपणाची प्रचीती तीनच वर्षांत आली. १९५०मध्ये राजीनामा देऊन त्यांना भारतातच आश्रय घ्यावा लागला. आज जोधपूर परिसरात नागरिकत्वाची प्रतीक्षा करणाऱ्या कुटुंबांत भिल्ल आणि मेघवाळ समाजाची संख्या मोठी आहे. म्हणजे हा प्रश्न समाजाच्या शेवटच्या पायरीवरील माणसाचा आहे. सामाजिक समरसतेची भाषा बोलणाऱ्यांनी तरी तो आपला मानलाच पाहिजे.

घटनाकारांना व्यवहाराचे भान होते. घटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना थेट नागरिक मानले. त्यानंतर आलेल्यांनी किमान सहा महिने येथे राहून त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे नोंद करावी, अशी तरतूद केली. आठ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी बांधवांनी पुढे तेथे उद्योग उभारले, १९६०मध्ये गावाची नगरपालिका झाली आणि निर्वासितांची मुले नगरसेवक म्हणून सभागृहात बसली. घर, रेशन, शाळा आणि मतदारयादी या चार गोष्टी स्थानिक पातळीवर मिळाल्या, म्हणून निर्वासिताचा नागरिक झाला.

जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातील किल्ली

ही किल्ली स्थानिक प्रशासनाच्या हाती दिली की कुलूप उघडते, हा नंतरचाही अनुभव आहे. २००४मध्ये अटलजींच्या सरकारने नियम बदलून राजस्थान व गुजरातमधील सीमावर्ती जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तानी हिंदूंना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. शिबिरे भरली आणि वर्षानुवर्षे खोळंबलेल्या हजारो लोकांना नागरिकत्व मिळाले. डिसेंबर २०१६मध्ये सात राज्यांतील १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना असेच अधिकार मिळाले. त्यात महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर हे चार जिल्हे होते. त्याच वेळी हजारो रुपयांचे अर्जशुल्क अवघ्या १०० रुपयांवर आणले गेले. मे २०२१मध्ये पाच राज्यांतील आणखी १३ जिल्ह्यांची भर पडली.

केंद्राने किल्ली दिली, हे निर्विवाद. पण ती फिरवायची कोणी? ज्याच्याकडे पाकिस्तानी पारपत्र आहे, त्याला नेहमीच्या मार्गाने नागरिकत्व घेताना ते पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयात परत करून तसा दाखला आणावा लागतो. ज्या देशाने छळले, त्याच्याच दारात पुन्हा उभे राहण्याची ही शिक्षा! गुप्तचर यंत्रणेचा अहवाल आला नाही म्हणून धारिणी अडते; अहवाल येईपर्यंत दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे नूतनीकरण राहून जाते. दरम्यान येथे जन्मलेल्या मुलाच्या हाती नगरपालिकेचा जन्मदाखला असतो, पण नागरिकत्व नसते. कारण ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेले मूल नागरिक ठरायला आई-वडिलांपैकी एक भारतीय नागरिक असावा लागतो आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. आजोबा भारतीय, वडील पाकिस्तानी आणि नातू अधांतरी अशी त्रिस्थळी यात्रा एकाच छपराखाली चालू राहते.

दार उघडूनही उंबरठा आड

केरळ, पंजाब, राजस्थान आणि पश्चिम बंगालच्या विधानसभांनी २०१९च्या अखेरीपासून जानेवारी २०२०पर्यंत या कायद्याविरुद्ध ठराव केले. हा कायदा एकाही भारतीय नागरिकाचे, मग तो कोणत्याही पंथाचा असो, नागरिकत्व काढून घेत नाही. तरीही नागरिकत्व जाणार, अशी आवई उठवून रस्ते अडवले गेले. सर्वांत मोठा विपर्यास राजस्थानचा. ज्या राज्यात पाकिस्तानी हिंदू निर्वासितांची सर्वांत मोठी वस्ती, त्याच राज्याच्या विधानसभेने त्यांना दिलासा देणाऱ्या कायद्याविरुद्ध ठराव करावा! त्याच राजवटीत मे २०२३मध्ये जैसलमेरजवळील अमरसागर येथे या निर्वासितांच्या झोपड्यांवर भर उन्हाळ्यात बुलडोझर फिरला. देशभर संताप उसळला, तेव्हा त्याच प्रशासनाला पर्यायी जागा सापडली. आधी जागा शोधून मग अतिक्रमण काढता आले नसते काय? मानवी हक्कांचे एरवीचे कैवारी त्या वेळी कोठे होते?

राष्ट्राने स्वीकारले तरी स्थानिक दार बंद राहिले की काय होते, हे जम्मूतील पश्चिम पाकिस्तानी निर्वासितांनी सात दशके भोगले. ते भारताचे नागरिक होते, लोकसभेला मत देऊ शकत होते. पण ३५ अ कलमामुळे राज्याचे कायम रहिवासी नसल्याने विधानसभेला व पंचायतीला मतदान, सरकारी नोकरी, जमीन हे सारे त्यांना वर्ज्य होते. ५ ऑगस्ट २०१९ नंतर ते बंधन गळून पडले आणि २०२०च्या जिल्हा विकास परिषदेच्या निवडणुकीत त्यांनी प्रथमच स्थानिक मतदान केले. नागरिकत्वाला पूर्णत्व गावात येते, याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

नगरसेवकाच्या सहीचे मोल

राज्ये आडवी येतील हे ओळखून केंद्राने २०२४च्या नियमावलीत वेगळी रचना केली. अर्ज ऑनलाइन होतो. जिल्हा समितीचे प्रमुखपद टपाल अधीक्षकाकडे आहे आणि अंतिम निर्णय जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालील अधिकारप्राप्त समिती घेते. पारपत्र परत केल्याच्या दाखल्याऐवजी, अर्ज मंजूर होताच पूर्वीचे नागरिकत्व कायमचे सोडले असे मानावे, हे अर्जदाराचे घोषणापत्र पुरते. अकरा वर्षांच्या वास्तव्याची अट पाच वर्षांवर आली आहे. रचना उत्तम आहे. पण तिचा एक दुष्परिणाम असा, की अनुकूल राज्यांतील स्थानिक यंत्रणाही ‘हे काम आता केंद्राचे’ म्हणून हात झटकण्यास मोकळी झाली.

वास्तविक त्याच नियमावलीच्या परिशिष्टात ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी भारतात प्रवेश केल्याचे जे पुरावे ग्राह्य धरले आहेत, ते वाचावेत. शिधापत्रिका, शाळेचा दाखला, जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पालिकेचा व्यवसाय परवाना. यांतील बहुतेक कागद कोणाच्या कपाटात आहेत? पालिकेच्या आणि पंचायतीच्याच! इतकेच नव्हे, तर ग्रामीण वा नागरी स्थानिक संस्थेच्या निर्वाचित सदस्याने किंवा अधिकाऱ्याने दिलेला प्रवेशाचा दाखलाही ग्राह्य आहे. नगरसेवकाच्या एका सहीचे मोल एका कुटुंबाच्या नागरिकत्वाइतके आहे. आपल्या किती नगरसेवकांना, किती सरपंचांना हे ठाऊक आहे?

या बाबतीत अमेरिकेतील महानगरांकडून शिकण्यास संकोच नसावा. तेथे नागरिकत्व देणे हे संघराज्य सरकारचे काम. तरीही २०१४मध्ये न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि शिकागो या शहरांच्या महापौरांनी एकत्र येऊन ‘सिटीज फॉर सिटिझनशिप’ हा उपक्रम सुरू केला. कायदेशीर कायम वास्तव्याचा परवाना असूनही नागरिक न झालेल्यांना अर्ज भरून देणे, कायद्याचा सल्ला मिळवून देणे, शुल्काची सोय करणे अशी कामे तेथे शहरांनी आपली मानली. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयांत तर नागरिकत्वाचे कोपरे आहेत. परका माणूस आपला व्हावा, म्हणून ती शहरे एवढा खटाटोप करतात. येथे तर प्रश्न आपल्याच माणसाला घरात घेण्याचा आहे. मग आपल्या महापालिकांना एक मेज आणि एक कारकून जड का व्हावा?

करायचे ते काय?

यासाठी नवा कायदा नको, मोठा निधीही नको. जेथे अशा कुटुंबांची वस्ती आहे, तेथील महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात आठवड्यातून एक दिवस नागरिकत्व साहाय्य कक्ष चालवता येईल. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याचा ऑनलाइन अर्ज तेथे भरून द्यावा. २०१४ पूर्वीच्या जन्मनोंदी, परवाने आणि पालिका शाळांच्या पटनोंदींच्या प्रमाणित प्रती विलंबाविना द्याव्यात. जिल्हाधिकाऱ्यांनी टपाल अधीक्षकांशी समन्वय ठेवून वस्तीजवळ शिबिरे भरवावीत. बोलावलेल्या दिवशी अर्जदार गैरहजर राहिला तर त्याचा अर्ज नाकारला जाऊ शकतो. म्हणून रोजंदारीवरील माणसाला तारीख वेळेवर आणि त्याच्या भाषेत कळली पाहिजे. प्रमाणपत्र मिळाल्यावर मतदारयादी आणि शिधापत्रिका यांची कामेही त्याच मेजावर व्हावीत.

२०१४ नंतर आलेल्यांची अवस्था अधिक बिकट आहे. सप्टेंबर २०२५मधील केंद्राच्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आश्रयास आलेल्या अशा अल्पसंख्याकांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट दिली. ती संरक्षणाची ढाल आहे, नागरिकत्व नव्हे. त्यांना नोंदणीसाठी सात किंवा देशीयकरणासाठी बारा वर्षांचा नेहमीचा मार्गच चालायचा आहे. या काळात व्हिसाचे नूतनीकरण, मुलांचा शाळाप्रवेश आणि आरोग्यसेवा यांसाठी त्यांना आधार हवा. एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, असे सरकारला स्पष्ट करावे लागले. ज्याच्या कागदाची मुदत कचेरीच्या दिरंगाईने संपली होती, त्याने ते दिवस कसे काढले असतील?

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. निर्वासित आणि घुसखोर यांतील भेद हा या कायद्याचा कणा आहे. स्थानिक दाखल्याला कायद्याने मोल दिले, म्हणून त्याचा बाजार मांडणाराही निघेल. पैसे घेऊन वा मतांसाठी खोटा दाखला देणारा लोकप्रतिनिधी कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्यावर फौजदारी कारवाई झालीच पाहिजे. एक खोटा दाखला शंभर खऱ्या अर्जांवर संशयाची सावली पाडतो. म्हणून पडताळणी कठोर हवी, पण कालबद्ध हवी. कठोरता आणि दिरंगाई या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शेवटी प्रश्न आपल्यालाच विचारायचा आहे. कायद्याच्या समर्थनार्थ आपण सभा घेतल्या, मोर्चे काढले, पत्रके वाटली. ते कर्तव्यच होते. पण आपल्या नगरात, आपल्या तालुक्यात अशी किती कुटुंबे आहेत, याची यादी आपल्याकडे आहे काय? अर्ज भरून देण्यास किती वकील आणि किती संगणक जाणणारे तरुण पुढे आले? मोर्चा एका दिवसात संपतो. अर्जदाराला मात्र कित्येक महिने कोणीतरी सोबतीला लागते. आपल्या विचाराचे लोक आज अनेक पालिकांत आणि पंचायतींत निवडून आलेले आहेत. त्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत साहाय्य कक्षाचा ठराव मांडावा आणि कार्यकर्त्यांनी त्याच आठवड्यात वस्तीत जाऊन यादी करावी.

पंजाबरावांच्या दुरुस्तीला घटना समितीत बहुमत मिळाले नाही. आज संसदेचे बहुमत मिळाले आहे, कायदा आहे, नियम आहेत. आता उणीव आहे ती फक्त गावातल्या एका मेजाची. ते मेज मांडणे आपल्या हाती असताना ही कुटुंबे ताटकळत राहिली, तर तो दोष दिल्लीचा नसेल, आपला असेल.