गुडघ्यातून वाका, सिस्टर!

नर्सच्या कंबरेत उसण भरली की सल्ला देणारे लगेच गोळा होतात. वजन कमी करा, पट्टा बांधा, योगासनं करा. आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे प्रशिक्षणात घोकून घेतलेला पाठ: गुडघ्यातून वाका, पाठ ताठ ठेवा, ओझं अंगाजवळ धरा. सिस्टरला वाकता येत नाही म्हणून तिची कंबर जाते, हे यामागचं गृहीतक. त्यात ऐकणाऱ्याला पटण्यासारखं बरंच आहे, खरं फारच थोडं.

खोकं अंगाजवळ धरता येतं. पक्षाघाताचा रुग्ण कसा धरणार? तो पलंगाच्या मध्यभागी असतो. कठड्यावरून ओणवं होऊन, हात लांबवून, कंबरेत पीळ देत त्याला कुशीवर वळवावं लागतं. एका हाताने सलाइनची नळी सांभाळायची, तेवढ्यात तो घाबरून गळ्यात हात टाकतो. गुडघे वाकवायला जावं तर पलंगाची पट्टी नडगीला लागते.

अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या विल्यम मॅरस यांच्या गटाने १९९९ मध्ये हे मोजूनच दाखवलं. रुग्ण म्हणून घेतलेली बाई अवघी ५० किलोची होती, सहकार्यही करत होती. तरी एकट्याने हलवण्याची एकही पद्धत मणक्याला निर्धोक ठरली नाही, आणि दोघांनी मिळून उचललं तरी धोका उरलाच. खऱ्या वॉर्डात इतका हलका आणि शहाणा रुग्ण रोज कुठून यायचा?

पट्ट्याचीही तीच गत. २०१६ मध्ये एका आढाव्यात २१ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. सहभागी होते ३०,८५० जण. नुसतं शिक्षण आणि कंबरेचा पट्टा, दोन्हींचा कंबरदुखी टाळायला उपयोग दिसला नाही. व्यायामाला शिक्षणाची जोड दिली तेव्हा मात्र दुखणं उद्भवण्याचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी घटला. तेव्हा व्यायाम सांगणाऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण सलग रात्रपाळ्या करून घरी स्वयंपाकाला उभ्या राहणाऱ्या बाईला तो सांगायचा, तर कामाच्या वेळेतच अर्धा तास काढून द्यायला हवा. तसं करणारं व्यवस्थापन विरळाच.

मग करावं काय? ओझंच कमी करावं. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेतले थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्ण हाताने उचलण्याची मर्यादा माणशी सुमारे १६ किलो सांगितली, तीही परिस्थिती अनुकूल असताना. आता ७० किलोचा रुग्ण घ्या. चौघींनी उचलला तरी प्रत्येकीच्या वाट्याला साडेसतरा किलो येतात. म्हणजे पाचवी हवी. रात्री दोन वाजता वॉर्डातल्या एकट्या सिस्टरने त्या चौघी आणायच्या कुठून? ती मामांना हाक मारते, मामा दुसऱ्या मजल्यावर गेलेले असतात, आणि शेवटी रुग्णाचा भाऊ पाय धरतो.

म्हणून उंची कमीजास्त होणारे पलंग, घसरत्या चादरी, रुग्ण उचलणारी यंत्रं. यंत्रांनी दुखणं टळतं याचा पक्का पुरावा नाही, असा आक्षेप घेतला जातो. काही चाचण्यांपुरता तो रास्त आहे. यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलं तर कंबर वाचणार नाहीच. पण अमेरिकेतल्या सहा शुश्रूषागृहांत यंत्रं, त्यांचं प्रशिक्षण आणि ‘हाताने उचलायचं नाही’ हा नियम एकत्र आणला, तेव्हा दुखापती घटल्या आणि घातलेला पैसा तीन वर्षांच्या आत वसूल झाला. हा अभ्यास २००४ चा आहे.

‘आपल्याकडे पैसा कुठे?’ हा प्रश्न उरतो. छताला टांगलेली यंत्रं महाग आहेत, हे कबूल. घसरती चादर मात्र म्हणजे गुळगुळीत कापडाची दुपदरी पिशवीच. तिच्यामुळे रुग्ण उचलावा न लागता सरकवता येतो. पुढच्या प्रशिक्षणाला पाहुणे बोलावण्याआधी अधीक्षकांनी एवढं करावं: आपल्या वॉर्डात अशा चादरी किती आहेत आणि किती पलंगांची उंची खरोखर वरखाली होते, हे मेट्रनला सोबत घेऊन स्वतः मोजावं.