संधींचा सुळसुळाट

प्रवेशाचा हंगाम आला की महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत 'प्लेथोरा ऑफ ऑपॉर्च्युनिटीज' हटकून उगवते, तसे ते या आठवड्यातही उगवले. शब्द अर्थापेक्षा रुबाबावर निवडण्याची खोड सुटलेली नाही, एवढेच त्यातून दिसते.

'प्लेथोरा' हा मूळचा ग्रीक शब्द इंग्रजीत आला तो वैद्यकाच्या वाटेने. अंगात रक्त फाजील साठल्याने होणारा विकार असा त्याचा अर्थ होता आणि शीर कापून रक्त वाहू देणे हा त्यावरचा जुना उपचार होता. निव्वळ विपुलता हाही अर्थ आजचे कोश देतात हे खरे, परंतु अतिरेकाची छटा त्याला अजून चिकटलेली असल्याने नियमांचा, अर्जांचा किंवा समित्यांचा 'प्लेथोरा' शोभतो. फळाफुलांसाठी 'अबंडन्स' बरा, कारण लाट या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेल्या त्या शब्दात काठोकाठ भरून वाहण्याची प्रसन्नता आहे.

वास्तविक मराठी वाचकाला हा भेद शिकवावा लागू नये, कारण आंब्यांची रेलचेल असते आणि उंदरांचा सुळसुळाट, बक्षिसांची लयलूट होते आणि डासांचा बुजबुजाट, हे त्याला व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय कळते. त्यातही गंमत अशी की आश्वासनांचा 'सुकाळ' झाला असे म्हणून स्तुतीचा शब्द टोमण्यासाठी वापरता येतो, पण सुळसुळाटाने कोणाची स्तुती साधत नाही. 'प्लेथोरा' सुळसुळाटाइतका कडू नसला तरी त्याच कुळाकडे झुकतो, आणि ज्या संस्थेत संधींचा सुळसुळाट आहे तेथे पालकांनी शुल्कासोबत सापळेही न्यावेत.

विपुलतेच्या इतर इंग्रजी शब्दांत छटेबरोबर जागेचेही भान लागते. 'गॅलोर' हा 'पुरेसे' या अर्थाच्या आयरिश शब्दप्रयोगातून आलेला शब्द नामाच्या मागून येतो, म्हणून 'बार्गेन्स गॅलोर' बरोबर आणि 'गॅलोर बार्गेन्स' चूक. 'मिरियड', म्हणजे मुळात दहा हजार, विशेषण म्हणून थेट नामाआधी बसतो. 'अ मिरियड ऑफ' ही रचना अशुद्ध ठरवणाऱ्या शिक्षकांनी मात्र लाल शाई जपून वापरावी, कारण त्या शब्दाचा नाम म्हणून वापर विशेषणापेक्षा जुना आहे.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 पासून उपलब्ध असूनही इंग्रजीच्या वर्गात तो उघडला जात नाही, ही या स्तंभाची जुनी तक्रार येथेही लागू पडते. मराठीतील छटा आधी पारखणारा लेखक 'प्लेथोरा' लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबेल, आणि माहितीपत्रकाचा मसुदा करणाऱ्याकडून तूर्त तेवढीच अपेक्षा आहे.