सेटिंगची फाइल आणि स्थैर्याची फाइल

३० जुलै २०१२ ला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी ४०० केव्ही बीना-ग्वाल्हेर वाहिनी ट्रिप झाली आणि पाहता पाहता उत्तर ग्रिड बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच वाहिनी पुन्हा गेली. या वेळी पूर्व आणि ईशान्य ग्रिडही सोबत गेले. सुमारे ४८,००० मेगावॉट भाराचा पुरवठा तुटला. दोन्ही दिवशी वाहिनीवर फॉल्ट नव्हता. डिस्टन्स रिलेच्या झोन-३ ने वाढलेला भारच फॉल्ट धरला.

रिले बिघडला नव्हता. दिलेल्या सेटिंगप्रमाणेच वागला. त्याला दिसणारा इम्पीडन्स म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले एमव्हीए. भार तेवढाच राहून व्होल्टेज दहा टक्के उतरले, की इम्पीडन्स १९ टक्के घटतो. बीना-ग्वाल्हेरचे दुसरे सर्किट शटडाउनवर होते, म्हणून उरलेल्या सर्किटवर भारही चढलेला. २००३ मध्ये ओहायोतील सॅमिस-स्टार वाहिनी याच कारणाने, फॉल्ट नसताना, सुटली होती.

वाहिनी सुटल्यावरचे गणित अधिक निष्ठुर असते. वीज लांबच्या वाटेने वळते, रोटरचा कोन उघडत जातो, आणि साइन वक्रावर ९० अंशांच्या जवळ प्रत्येक वाढीव अंशामागे मिळणारी वीज कमी कमी होते. पॉवर सिस्टम स्टॅबिलायझर (पीएसएस) ट्यून करताना वापरलेले रेषीय मॉडेल एका कार्यबिंदूभोवतीच खरे असते. त्यापलीकडे काय होईल ते रिले ठरवतात, आणि नेमके तेच आपल्या बहुतेक मॉडेलांत नसतात. सिम्युलेशनमध्ये वाहिनी टिकून असते. प्रत्यक्षात रिलेने ती केव्हाच उघडलेली असते.

इन्व्हर्टर वाढल्यावर हा धोका दुसऱ्या दारानेही येतो. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालचे ग्रिड कोसळले ते चढत्या व्होल्टेजमुळे. तिथले अनेक सौर आणि पवन प्रकल्प स्थिर पॉवर फॅक्टरवर चालत होते. व्होल्टेज चढले तरी ते आवरायला हे प्रकल्प पुढे येत नव्हते. जादा व्होल्टेजवर प्रकल्प सुटत गेले, तसे व्होल्टेज आणखी चढले.

भाराला फॉल्ट धरू नये म्हणून झोन-३ आखडला तर दूरचा बॅकअप जातो, हा टेस्टिंगच्या मंडळींचा आक्षेप रास्त आहे. पण न्यूमेरिकल रिलेत लोड एन्क्रोचमेंटची सोय असते आणि उपकेंद्रात ब्रेकर फेल्युअर संरक्षणही असते. ते दोन्ही नीट चालू आहेत ना, एवढे पाहायचे.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिण ग्रिड जोडले गेले, तेव्हापासून सारा देश एका फ्रिक्वेन्सीवर चालतो. त्यामुळे एका उपकेंद्राचे सेटिंग ही त्या उपकेंद्राची खासगी बाब उरलेली नाही. शटडाउन मंजूर करण्याआधी उरलेल्या सर्किटचा झोन-३ उतरत्या व्होल्टेजवर तपासा. डायनॅमिक मॉडेलमध्ये रिले घाला. सेटिंग बदलले, की त्याची प्रत त्याच दिवशी लोड डिस्पॅच सेंटरच्या अभ्यासगटाकडे जाऊ द्या. याला नवे यंत्र लागत नाही. सेटिंग ठरवणारा आणि स्थैर्याचा अभ्यास करणारा, या दोन विभागांनी एकाच टेबलावर बसायला हवे.