व्हेगन लेदर, रेक्झिन आणि आठ आकडे: कस्टम्सचा कोड कसा ठरतो?

तुमच्या फोनच्या पाठीवर 'व्हेगन लेदर' आहे का? रियलमी, मोटोरोला अशा कंपन्यांनी हा शब्द घरोघरी पोहोचवला. आपल्याकडे अशा मटेरियलला सरळ रेक्झिन म्हणतात. खाली कापड, वर पीव्हीसी किंवा पॉलीयुरेथेनचा, म्हणजे पीयूचा थर.

हेच कापड रोलमध्ये न्हावा-शेवा बंदरात उतरतं, तेव्हा 'व्हेगन' शब्दाला काही किंमत नसते. तिथे चालतो आठ आकडी कोड. पहिले सहा आकडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचे, शेवटचे दोन भारताचे. ड्यूटी त्यावरून ठरते.

हे तुम्हाला का सांगतोय? कारण इन्स्टाग्रामवर वॉलेट आणि पाऊच विकणारे आता मोबाइलवरूनच चीनहून माल मागवतात. सप्लायर म्हणतो, "कोडचं टेन्शन घेऊ नका, मी टाकतो." माझ्या मते घोळ इथूनच सुरू होतो.

एकच रेक्झिन, दोन घरं

मुख्य दावेदार दोन. ५९०३ म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेलं कापड आणि ३९२१ म्हणजे प्लास्टिकची शीट. कोणतं लागू होईल, हे ५९ व्या प्रकरणाची दुसरी टीप सांगते:

- प्लास्टिकचा थर नुसत्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. फक्त रंग बदलला असेल तर ते ५९०३ मध्ये बसत नाही.
- १५ ते ३० अंश तापमानात, ७ मिलिमीटर जाडीच्या दांडीभोवती हाताने वाकवल्यावर तडकलं, तर ते साधारणपणे प्लास्टिकच्या ३९ व्या प्रकरणात जातं.
- कापड दोन्ही बाजूंनी प्लास्टिकने पूर्ण झाकलं असेल, तरी प्रकरण ३९.
- थर फोमसारखा, बारीक छिद्रांचा असेल आणि कापड फक्त मजबुतीसाठी असेल, तरीही ३९.

खरी भांडणं शेवटच्या मुद्द्यावर होतात. मागे साधं, एकरंगी कापड असेल तर ते मजबुतीपुरतं मानलं जातं. तेच छापील असेल किंवा घासून त्यावर लव उठवलेली असेल, तर ते त्याहून जास्त काम करतं आणि माल ५९०३ कडे सरकतो. वरून दोन्ही रोल सारखेच दिसतात. फरक उलटून बघितल्यावर कळतो.

पण स्क्रीनवर उलटून बघणार कसं?

२०११ पासून कोड आयातदारानेच भरायचा असतो. २०२० मध्ये फेसलेस तपासणी आली, म्हणजे न्हावा-शेवाच्या मालाची कागदपत्रं दुसऱ्या शहरातला अधिकारीही तपासू शकतो. ओळखीपाळखीचा वाव कमी झाला, हे चांगलंच. पण 'पीयू लेदर, काळा' एवढ्या वर्णनावरून त्याला काय कळणार? मग प्रश्न येतात, सॅम्पल लॅबमध्ये जातं, आणि माल अडकला की भाड्याचं मीटर चालू राहतं.

त्यात २०२२ मध्ये चीनच्या पीयू लेदरवर अँटी-डंपिंग ड्यूटी लागली. ही ड्यूटी मालाच्या वर्णनावर चालते, त्यामुळे नुसता कोड बदलून सुटका होत नाही.

कोड चुकला तर नोटीस सप्लायरला नाही, तुम्हाला येते. साध्या चुकीत दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन फरक आणि व्याज मागता येतं. मुद्दाम लपवलं असेल तर पाच वर्षं, आणि वर दंड.

मग करायचं काय?

ऑर्डर देण्याआधी सप्लायरकडून लेखी घ्या: थर कोणत्या प्लास्टिकचा, फोमचा की भरीव, एका बाजूला की दोन्ही, मागचं कापड कसलं. वीतभर तुकडा जपून ठेवा. नेहमी मागवणार असाल तर मुंबईतल्या कस्टम्सच्या अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे आधीच निर्णय मागता येतो. कायदा किंवा परिस्थिती बदलली नाही तर तो काही वर्षं चालतो.

माझं मत विचाराल, तर हे चार प्रश्न आयातीच्या ऑनलाइन फॉर्ममध्येच सक्तीचे हवेत. मोठ्या कंपनीकडे सल्लागार असतात. दोन रोल मागवणाऱ्या पोराकडे फक्त फोन असतो.